आंधळ्या तळ्याची खरी हकिगत

मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालं की टोकावडं लागतं. त्याच्या अलीकडे एक कच्चा रस्ता आत वळतो आणि एका पाझर तलावापाशी जाऊन संपतो. कागदोपत्री या तलावाला नाव नाही. लोक त्याला आंधळं तळं म्हणतात. रस्त्यावरच्या ढाब्यावर चहा पिताना विचारलंत तर कोणीही सांगेल, की त्या तळ्यातला मासा खाऊन एका बाईचा डोळा गेला. माशाच्या डोळ्यात किडा होता, तो बाईच्या पोटातून वर चढला आणि तिचा डोळा पोखरून गेला. सांगणारा गळ्याला हात लावून शपथ घेईल.

बाईचा डोळा गेला हे खरं. माशांच्या डोळ्यांत किडा होता हेही खरं. पण एकामुळे दुसरं झालं, हे खोटं. मध्ये काय घडलं ते तीन माणसांना माहीत होतं. त्यातली एक वारली, दुसरी कोणाजवळ बोलली नाही, आणि तिसरा मी. पंचाहत्तरी जवळ आली आहे. आता हे लिहून काढायला हवं.

मी आयुष्यभर माशांचं बीज पोचवायचं काम केलं. सरकारी नोकरी, हुद्दा लहान, फिरती मोठी. बरीच वर्षं भातसानगरला धरणाच्या वसाहतीत राहिलो आणि तिथून शहापूर-मुरबाडची तळी पालथी घातली. माशाची पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा जिऱ्याएवढी असतात, म्हणून त्यांना मत्स्यजिरे म्हणायचं. बोटाएवढी झाली की बोटुकली. ती प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी आणि वर प्राणवायू भरून न्यायची. तळ्यावर पोचलं की पिशवी लगेच सोडायची नाही, बंद पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची ऊब सारखी होते. मग तोंड उघडायचं. पिल्लं आपणहून बाहेर पडतात. हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी वाकून पाहायचो.

पुष्कळदा या पिशव्या एसटीने न्याव्या लागत. एकदा कंडक्टरने पिशवी उजेडात धरून विचारलं, "मास्तर, ह्याच्यात किती जण हायेत?"

"असतील हजारभर."

"मग हजार हाफ तिकिटं काढा."

अख्खी गाडी हसली. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे रे, पोरं हायेत. माज्या मांडीवर दे."

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. खर्डीजवळच्या एका शेतकऱ्याने शेततळं खणलं होतं. मी बोटुकली घेऊन गेलो तर तो पिशवीला हात लावीना. "आधी आईबाप दाखवा," म्हणाला.

"कोणाचे?"

"ह्या पोरांचे. खोंड घेताना आमी गाय बगतो. हे काय, आभाळातून पडले?"

शेवटी त्याला भातसानगरला नेऊन प्रजननाच्या टाकीतली कटला मासळी दाखवली, चांगली हातभर लांब. त्याने बराच वेळ पाहिलं, मग मान डोलावली. "घर चांगलं हाय. द्या."

अशा गोष्टी सांगत बसलो तर हा लेख आनंदाचा होईल. पण माझ्या कामातली मला आठवणारी मोठी गोष्ट म्हणजे भीती, आणि तिची सुरुवात शहापूरच्या बाजूच्या एका तळ्यावर झाली.

माशाचं सगळं आयुष्य भीतीवर चालतं. पाण्यावर सावली पडली की तो खाली जातो. वर बगळा आहे की ढग, हे पाहायला तो थांबत नाही. म्हणून आम्ही तळ्यावर गेलो की सूर्याकडे पाठ करून काठावर उभे राहायचो. आपली सावली पाण्यावर पडते आणि वरवर फिरणारी मासळी चपळाईने बुडी मारते. तेवढ्यावरून कळतं, की सगळं ठीक आहे.

त्या दिवशी माझी सावली पडली आणि मासे हलले नाहीत. पाठीचा रंग काळवंडलेला, पोटं खपाटीला गेलेली, पृष्ठभागाशी नुसते फिरत होते. मी खाली बसून पाण्यात हात घातला. एक कटला आपणहून हातावर आला. मी त्याला उचललं तरी तो धडपडला नाही. डोळा पाहिला तर पांढरा. मासा शिजल्यावर त्याचा डोळा पांढरा होतो ना, तसा. हा मासा जिवंत होता आणि डोळा शिजलेला होता. नोकरीत नवा होतो. मासा तसाच पाण्यात टाकून मी काठापासून लांब जाऊन उभा राहिलो.

नंतर साहेबांनी समजावलं. हा एक चपटा किडा आहे. त्याचं म्हातारपण मासेखाऊ पक्ष्याच्या आतड्यात जातं. पक्ष्याच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेला जीव पाणगोगलगायीत शिरतो आणि तिच्या पोटात एकाचे हजारो होतात. मग ऊन तापलं की शेपटीवाल्या बारीक अळ्या तिच्यातून बाहेर पडतात आणि मासा शोधतात. कातडीत घुसताना शेपूट बाहेर गाळतात आणि थेट डोळ्याकडे जातात. डोळ्याच्या आत काचेसारखा मणी असतो, तिथे रक्त पोचत नाही, म्हणून शरीराची राखणही पोचत नाही. तिथे त्या बसून राहतात. मण्याला मोतीबिंदू धरतो. आंधळा मासा वर येतो, बगळा त्याला उचलतो, आणि किडा पुन्हा पक्ष्याच्या पोटात.

माणसाच्या डोळ्याशी या किड्याचा संबंध नाही. आपण शिजवून मासा खातो, त्यातून तो डोळ्यात जात नाही. हे वाक्य मी इथे लगेच लिहिलं आहे, कारण पुढे बोलायची वेळ आली तेव्हा ते लगेच बोललो नाही.

निवृत्तीनंतर मी खर्डीत घर केलं. सवय सुटेना, म्हणून बायकांच्या बचत गटांना तळ्यांबाबत सल्ला द्यायला जात असे. टोकावड्याजवळचं हे तळं एका गटाने ग्रामपंचायतीकडून घेतलं होतं. गटाची प्रमुख सुमन. तिशीची, दहावी झालेली, जिभेला धार. नवरा मुरबाडच्या कारखान्यात पाळीवर. घरी सासू पारूबाई आणि लहान मुलगा. सुमनने मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं, "काका, तुमची मासळी तुमच्यासारकीच. खाते जाम, अंगाला काय लागत नाय."

तळं मोठं गुणाचं होतं. पहिल्या वर्षी टोकावड्याच्या बाजारात या बायकांच्या पाटीभोवती गर्दी व्हायची. पण त्यांची एक रीत मला पसंत नव्हती. मासळी काठावरच साफ करायच्या आणि आतडी-खवले पुन्हा पाण्यात. पारूबाईंचं म्हणणं ठरलेलं, "तळ्याचं तळ्याला दिलं पायजे, दादा. नायतर तळं रुसतं."

त्या घाणीवर बगळे आणि पाणकावळे जमायला लागले. काठाला पाणवनस्पती माजली होती आणि तिच्या पानांखाली गोगलगायी चिकटलेल्या. मी दर फेरीला सांगायचो, घाण पुरून टाका, पाला उपसा, गोगलगायी वेचून उन्हात टाका. बायका हो म्हणायच्या. भाताची कामं होती, पोरं होती, मजुरी होती. कोण गुडघाभर चिखलात उतरून पाला उपसणार?

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला मी गेलो, काठावर उभा राहिलो, माझी सावली पडली. मासे हलले नाहीत.

घाई करायला हवी होती. आणि मला वाटलं, आता ह्या बायकांना जरा हादरवल्याशिवाय भागणार नाही. मी सगळ्यांना काठावर बोलावलं. एक मासा घेतला, त्याचा डोळा काढला, आतला मणी काचेवर ठेवून दाबला, थेंबभर पाणी घातलं आणि भिंग सुमनच्या हातात दिलं.

ती वाकली. बराच वेळ तिने मान वर केली नाही.

"हलतायत," ती म्हणाली.

मग एकेक जण पाहायला आली. पारूबाई पाहून मागे सरल्या आणि त्यांनी पदराने स्वतःचे डोळे पुसले. "गो बाय! वळवळतंय की! डोळ्यात?"

"डोळ्यात," मी म्हणालो.

सुमनने विचारलं, "काका, माणसाला व्हतो का ह्यो?"

उत्तर एका शब्दाचं होतं. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण बायकांचे चेहरे मी पाहिले. इतक्या फेऱ्यांत कोणी माझं एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "आधी तळं साफ करा. मग सांगतो."

कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळ्या जणी पाण्यात उतरल्या होत्या. पाल्याचे ढीग काठावर. घाणीसाठी खड्डा खणलेला. मला माझा फार अभिमान वाटला. नोकरीत असताना कुठल्या प्रशिक्षणाने हे साधलं नव्हतं. मग सांगतो म्हणालो होतो, ते उत्तर तेवढं राहूनच गेलं.

उरलेल्या गोगलगायींसाठी मी मोरचूद आणला. निळ्या खड्यांचा तो मोरचूद, शेतकरी फवारणीला वापरतात तो. काठाकाठाने अगदी बेताने टाकायचा, नाहीतर मासेही मरतात. ते मी पुढच्या फेरीला स्वतः करणार होतो. पिशवी पारूबाईंच्या घरी आढ्याला टांगून ठेवली. पोरांच्या हाताला लागू देऊ नका, एवढं सांगितलं. त्यांनी विचारलं, "ह्यानं काय व्हतं, दादा?"

मी चपला घालत होतो, एसटीची वेळ झाली होती. म्हणालो, "हे पडलं की किडा मेलाच समजा."

मोरचुदाने गोगलगाय मरते. गोगलगाय मेली की किड्याची वाट बंद होते. डोळ्यातला किडा मोरचुदाने मरत नाही. पण एवढं लांबण कोण लावतो, चपला घालताना?

पुढच्या आठवड्यात डोळे यायची साथ आली. सगळ्या तालुक्यात, शाळा, बाजार, एसटी, सगळीकडे लाल डोळे आणि काळे चष्मे. माझेही डोळे आले, म्हणून मी घरातच होतो. सुमनचा फोन आला.

"काका, डोळ्यात कुसळ गेल्यासारकं टोचतंय. सकाळी उघडतच नव्हते."

"साथ आहे. माझेही आलेत. दवाखान्यातून थेंब आण."

मग म्हणाली, "आमी मासे खाल्ले व्हते परवा. तो किडा नाय ना?"

मी हसलो. अगं वेडे, म्हणालो आणि हसलो. मला वाटलं, हसणं म्हणजेच नाही. फोन ठेवल्यावर मी बायकोला सांगितलंसुद्धा, बघ, लोक कसे घाबरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन तिच्या नवऱ्याचा होता. तो रात्रपाळी करून नुकताच घरी आला होता. "काका, या. सुमनचा डोळा... तुमी या."

मी काळा चष्मा लावून निघालो. शहापूर, मुरबाड, पुढे टोकावडं. तेवढा प्रवास मी आयुष्यात किती वेळा केला असेल. त्या दिवशी मला एकही गाव आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट येत होती, आढ्याला टांगलेली पिशवी, आणि मी ती ढकलत होतो.

सुमन भिंतीशी बसली होती. दोन्ही डोळ्यांवर ओला फडका. नवरा जीप बघायला गेला होता, सकाळपासून मिळत नव्हती. पारूबाई चुलीपाशी उकिडव्या बसलेल्या. त्यांनी मला पाहिलं आणि एक वाटी पुढे केली. वाटीच्या तळाशी निळं पाणी.

"माज्या लहानपणी पापणीला आतून खुपऱ्या झाल्या व्हत्या, दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वैदूनं मोरचुदाचा खडा फिरवला व्हता पापणीला. आग झाली, पन डोळं राहिलं माजं. ह्याच डोळ्यांनी बगते ना तुमाला? आन् तुमी बोलला, ह्यानं किडा मरतो. म्हनून पाण्यात इरघळवून..."

"सुमनने टाकू दिलं?"

"तीच बोलली, आत्या, टाका. किडा बगितला व्हता ना तिनं. उजव्यात टाकला आन् ती अशी वरडली, की डाव्यात टाकायचा माजा हात झाला नाय."

मी फडका जरा बाजूला केला. उजवी पापणी सुजून बंद झाली होती. अलगद वर केली. बुबुळ धुरकट पांढरं. तो रंग मी ओळखत होतो.

मग मी जे केलं ते लिहितो. मी पारूबाईंच्या हातातली वाटी घेतली, परसात जाऊन पाणी ओतलं, वाटी राखेने घासली आणि पालथी घातली. आढ्याची पिशवी काढून माझ्या थैलीत टाकली. पारूबाई पाहत होत्या. "कोणाला बोलू नका," मी म्हणालो. "पोलिसांचं लफडं होईल. तुम्हालाच धरतील."

त्यांना धरतील. हे मी म्हणालो. घाबरलो होतो मी स्वतःसाठी. निवृत्त माणूस, कोणी नेमलेला नाही, घराघरांत विष ठेवत फिरतो. माझं पेन्शन जाईल इथपासून मला बेड्या पडतील इथपर्यंत सगळं डोळ्यांपुढून गेलं.

मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी सुमनला झोपवलं, डोळा पाहिला आणि विचारलं, "डोळ्यात काय गेलं?"

पारूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नवराही माझ्याकडे पाहत होता, त्याला भीतीने घरात कोणी काही सांगितलं नव्हतं.

"साथ आहेच, डॉक्टर," मी म्हणालो. "आणि ही तळ्यात उतरते. तळ्याचं पाणी गेलं असेल."

"औषध, पाला, चुना, असं काही टाकलं का? नीट आठवा. त्यावर उपचार ठरतो."

"नाही."

पाहा, एका शब्दाचं उत्तर मला देता येत होतं.

त्यांनी डोळा धुतला, औषध घातलं, पट्टी केली आणि ठाण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे मी गेलो नाही. उजवा डोळा गेला. मी वेळेवर खरं बोललो असतो तर वाचला असता का, हे मला माहीत नाही. नंतर कित्येकदा एखाद्या डोळ्यांच्या डॉक्टरला विचारावं म्हणून निघालो, आणि पायरीवरून परत फिरलो. वाचला नसता, असं कोणी सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते बरं वाटणं मला नको होतं. आणि वाचला असता, हे ऐकायची ताकद नव्हती.

जीपवाला दवाखान्याच्या दारातच उभा होता. त्याने तळ्याचं पाणी एवढं ऐकलं. टोकावड्याला पोचेपर्यंत त्याची गोष्ट तयार झाली होती. भिंगातून किडे पाहिलेल्या बायकांनी त्यात भर घातली, आणि त्यांनी पाहिलं होतं ते तर खरंच होतं. महिन्याभरात त्या बाजारात तळ्यातली मासळी कोणी हातात घेईना. "कुठल्या तळ्याची?" असं विचारून लोक पाटीपासून पोरांना मागे ओढायचे. आजूबाजूच्या वाड्यांतल्या तळ्यांची विक्रीही बसली. सरकारी माणसं समजवायला आली, पत्रकं वाटली, किडा माणसाला होत नाही म्हणाली. लोक म्हणाले, मग सुमनचा डोळा कशानं गेला? याचं उत्तर त्या माणसांजवळ नव्हतं. माझ्याजवळ होतं.

गट मोडला. तळं तसंच पडून राहिलं. पारूबाई मात्र त्या दिवसानंतर बदलल्या. मी दोनदा गेलो होतो. त्या नातवाला जवळ घेत नसत. पोराचं नाक वाहत असलं तरी पुसायला पदर पुढे करीत नसत, सुमनला हाक मारीत. कोणाला काही दुखलंखुपलं तर उठून बाहेर जाऊन बसत. मला एकदाच म्हणाल्या, "दादा, माज्या हातात कायतरी हाय." मी म्हणालो, "असं काही नसतं हो." यापलीकडे बोललो नाही. त्या गेल्या तेव्हा मी भेटायला गेलो. सुमनने चहा दिला. एका डोळ्याने तिने माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवताना तिचा हात थोडा चुकला. चहा माझ्या धोतरावर सांडला. "राहू दे, राहू दे," मी म्हणत राहिलो.

मग खूप दिवस काही नाही. गेल्या उन्हाळ्यात ती खर्डीला माझ्या घरी आली. लोकलने आली होती, स्टेशनवरून रिक्षा न करता चालत. माझ्या बायकोने पाणी दिलं, ते तिने उभ्यानेच प्यायलं.

"काका, तळं दोन उन्हाळं पार सुकलं व्हतं," ती म्हणाली. "गोगलगाय राहिली नाय. पाला मी काढला. बीज शहापूरहून आनलं, आधी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली आन् मग तोंड उघडलं, तुमी शिकवलं तसं. आता मासळी किलोची झालीय. सावली पडली की खाली पळते. डोळं आरशासारकं हायेत."

"छान झालं."

"काय छान? घेनार कोण? बाजारात गेले तर बाया म्हनतात, आधी तुजा डोळा बग." ती खाली बसली. "गटात दुसऱ्या तिघी आल्यात. त्यांच्याही घरी बोलतात. ह्या वर्षी मासळी गेली नाय तर तळं पंचायत दुसऱ्याला देनार. तुमी गावात या आन् बोला. तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "काय बोलू? मोरचुदाचं?"

"मोरचुदाचं."

"पारूबाईंचं नाव येईल."

"आत्या गेल्या. येऊ दे. त्यांनी डोळा घालवायला नव्हता टाकला, वाचवायला टाकला व्हता. ते बी कळू दे लोकांना."

मग मला सांगावंच लागलं. बायको आत होती, तिलाही हे माहीत नव्हतं. मी सुमनला सांगितलं, की वाटी मी घासली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. त्यांना खरं कळलं असतं तर कदाचित.

ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मी तितंच झोपले व्हते, काका," ती म्हणाली. "आग डोळ्याला व्हती, कानाला नाय."

"मग तू का नाही बोललीस?"

"घाबरले व्हते. आत्यांना धरून नेतील असं वाटलं. पोरगा लहान, नवऱ्याची नोकरी कच्ची. आन् तुमी बोलताय म्हंजे बरोबरच बोलत असाल, असं बी वाटलं. साहेब माणूस." मग म्हणाली, "राग नाय असं नाय. जाम हाय. सुईत दोरा ओवताना रोज येतो. पन तो घेऊन मी काय करू? मासळी विकायची हाय मला."

बायकोने जेवायला थांब म्हटलं. ती थांबली नाही. चारची गाडी पकडायची होती.

ग्रामसभेला मी गेलो. शाळेच्या व्हरांड्यात पन्नास-साठ माणसं होती. मला उभं राहून बोलायची सवय आहे, पण त्या दिवशी बसूनच बोललो. किड्याचं सांगितलं. तो कुठे जगतो आणि कुठे जगत नाही, ते सांगितलं. मग मोरचूद, वाटी, डॉक्टर, सगळं. बोलताना मी सुमनकडे पाहिलं नाही, समोरच्या खांबाकडे पाहत होतो. मी थांबलो. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल आणि माझी गचांडी धरेल. मी त्याची वाट पाहत होतो, खरं तर.

मागून एक जण म्हणाला, "म्हंजे आमी इतकी वर्सं तळ्याला शिव्या घातल्या त्या फुकट?"

दुसरा म्हणाला, "शिव्या म्हाताऱ्याला घाला. पुढं बसलाय."

"पोलिसात द्या ह्याला!"

"आन् पारूबाईला काय म्हनायचं मग? तिनं..."

आवाज चढले. सरपंच हात वर करून उभे राहिले, त्यांचं कोणी ऐकेना. मग सुमन उठली. तिने कमरेला पदर खोचला होता, सभेला नाही, कामाला निघाल्यासारखी.

"दोष मागाहून वाटून घ्या," ती म्हणाली. "म्हातारा कुठं पळत नाय. उद्या टोकावड्याचा बाजार हाय. सकाळी जाळं टाकतोय आमी. मासळी घेनार कोण, ते आधी सांगा."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. माझ्या बाजूचा माणूस जमिनीवर काडीने रेघा ओढत होता. मला वाटलं, संपलं. मी बोलून उपयोग झाला नाही. खरं सांगितलं तरी भीती काही लगेच उठून जात नाही, तिला बसायची सवय झालेली असते.

बायकांच्या बाजूने एक म्हातारी खाकरली. "मी घेईन एक," ती म्हणाली. "पन गो, मुंडकं काडून देशील ना?"

काही जण हसले, अर्धवट.

"नाय," सुमन म्हणाली. "मुंडक्यासकट देनार. डोळा बगून घ्यायची."